दातांमधली जागा



“गाडी विकली का हो शेवटी?” हा प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत इतक्या जणांनी विचारला की एकदा सविस्तर लिहून टाकलेलं बरं. नाही विकली. पण विकायची वेळ अगदी दारापर्यंत आली होती.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. आम्ही सरदारपुरला राहतो. धार जिल्ह्यातलं, माही नदीकाठचं हे तालुक्याचं गाव. इंग्रजी अमदानीत भोपावर एजन्सीचं ठाणं आणि माळवा भिल्ल पलटणीची छावणी इथेच होती. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं, त्यामुळे मराठी या भागाला परकी नाही. पण सरदारपुरात घरात मराठी बोलणारी कुटुंबं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच, आणि त्यांतली ख्रिस्ती तर त्याहून कमी. आमची उपासना हिंदीत होते. एक गीत मराठीत म्हणतो, आणि त्या एका गीतासाठी तीन वृद्ध मावशी आजूबाजूच्या गावांतून येतात. त्यांतल्या थोरल्या मावशींचं खुब्याचं हाड मोडलेलं आहे. त्यांना बसच्या पायऱ्या चढता येत नाहीत. दर रविवारी त्यांना आणणं आणि परत सोडणं ही माझी सेवा. त्यासाठी वापरतो ती गाडी माझ्या सासऱ्यांची, पांढरी कॉन्टेसा.

आजच्या मुलांना कॉन्टेसा फोटोतच ठाऊक. हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ च्या सुमारास आणली, मूळ बेत इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. लांबलचक नाक, रुंद बसका बांधा आणि ताकद मागच्या चाकांना. खरी स्पोर्ट्स कार म्हणावी असं आपल्याकडे त्या काळी रस्त्यावर जवळजवळ काही नव्हतंच, म्हणून तरुण पोरांनी तो मान हिलाच देऊन टाकला. पुढे तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, आणि ती इंजिनं आमच्याच जिल्ह्यात, पीथमपुरला बनत. माझे सासरे त्याच कारखान्यात होते. “हिच्या पोटात माझा हात आहे,” असं ते गाडीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणत. २००२ साली कॉन्टेसा बनणं बंद झालं. सासरेही आता नाहीत. गाडी राहिली.

२०२५ च्या जानेवारीपासून ती गाऊ लागली होती. पन्नास-साठच्या वेगाला मागून एक बारीक सूर यायचा, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढायचा, पाय काढला की पट्टी बदलायचा. मावशींना तो आवडायचा. गाडी आपल्याबरोबर भजन म्हणते असं त्या म्हणत. फेब्रुवारीत सुराचं घरघरीत रूपांतर झालं. मग एका रविवारी, मावशींना सोडून परत येताना मच्छलियाच्या घाटाच्या बाजूला चढावर मागे ‘खण्ण’ असा आवाज झाला. इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि गाडी जागेवर.

राजगढ रस्त्यावर एक म्हातारे मिस्त्री आहेत. सगळा गाव त्यांना चाचा म्हणतो, मीही. गाडी ट्रॅक्टरने ओढून त्यांच्याकडे नेली. त्यांनी मागचा भाग जॅकने उचलून घोड्यांवर ठेवला, हौजिंगखालचा नट काढला आणि तेल परातीत सोडलं. काळं तेल, त्यात चंदेरी चुरा, आणि शेवटी टणकन पडलेला पोलादाचा तुकडा. पिनियनचा दात. चाचांनी तेल दोन बोटांत चोळून नाकाशी नेलं. मागच्या गिअरच्या तेलाला सडक्या अंड्यासारखा वास असतो, त्यात गंधक मिसळलेलं असतं म्हणून. या तेलाला तो वासच नव्हता. वर्षभरापूर्वी शहरातल्या एका गॅरेजने सर्व्हिसिंगमध्ये भलतंच तेल भरलं होतं. या जातीच्या गिअरमध्ये दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतात. साधं तेल त्या दाबाखाली पिळून बाहेर जातं आणि पोलाद पोलादाला खातं.

इथे जरा थांबून हे यंत्र काय करतं ते सांगते, कारण मला स्वतःला ते कळल्यावर फार आनंद झाला होता. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचं चाक जास्त अंतर कापतं. मागच्या दोन चाकांत १.३५ मीटर अंतर धरलं, तर अर्ध्या वर्तुळाच्या वळणावर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सव्वाचार मीटर जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच सळईला घट्ट जोडली असती तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटलं असतं. घाटात गाडी धड वळलीच नसती. म्हणून मधे डिफरेन्शियल असतं. इंजिनाकडून आलेला शाफ्ट एका छोट्या गिअरला फिरवतो, तो पिनियन. पिनियन एका मोठ्या कंकणाकृती गिअरला फिरवतो, तो क्राउन. क्राउनच्या आत आणखी चार छोटे गिअर असतात. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतात, पण वेग ज्याचा त्याला ठेवू देतात. फ्रान्समध्ये पेकर नावाच्या माणसाने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती मांडली. आज जगात धावणाऱ्या बहुतेक गाड्यांत तीच आहे.

कोणी म्हणेल, हे तर यहेज्केलाचं चाकात चाक! आमच्याकडे एका पाहुण्या प्रचारकांनी खरंच तसं म्हटलं. मला ते ओढूनताणून वाटतं. यहेज्केलाने पाहिलेली चाकं वळत नव्हती, असं पवित्र शास्त्रच सांगतं. आमचं यंत्र तर वळण्यासाठीच आहे.

असो. चाचांनी निकाल दिला: “क्राउन-पिनियन गेला, बहनजी. जोडीने बदलावा लागेल.” मी म्हटलं, तुटला तर पिनियनचा दात, क्राउन दिसायला ठीक आहे. नुसता पिनियन मिळाला तर? त्यावर दुकानाच्या कोपऱ्यातून त्यांचा धाकटा मुलगा बोलला. आयटीआय झालेला, चोवीस-पंचवीसचा. त्याने सांगितलं की कारखान्यात हे दोन गिअर कापून झाल्यावर एकत्र फिरवतात, मधे बारीक घासणारी पेस्ट लावून. दोघंही एकमेकांना झिजवत झिजवत जुळतात. मग दोघांवर एकच नंबर कोरतात. त्या क्षणापासून ते एकमेकांचेच. दुसऱ्या जोडीतला कुठलाही गिअर, अगदी त्याच मापाचा, त्याच कारखान्याचा असला तरी, इथे बसवला की ओरडतो आणि लवकर मरतो. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली ती मला फार आवडली. दातांची संख्या बहुधा अशी निवडतात की दोघांना भागणारा समान आकडा नसावा, समजा ९ आणि ४१. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला कधी ना कधी भेटतोच. एखाद्या दाताला थोडा खडबडीतपणा असला तर तो एकाच्याच वाट्याला येत नाही, सगळ्यांत वाटला जातो.

मुलगा हे सगळं मला सांगत होता आणि चाचा त्याच्याकडे पाठ करून पाने पुसत होते. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की बाप-लेकांत बोलणं बंद आहे.

कारण पुढे कळलं. मुलाला देवासला एका गिअरच्या कारखान्यात नोकरी लागली होती, १ एप्रिलपासून. चाचांच्या वडिलांपासून चाललेलं दुकान, मोठा मुलगा आधीच गुजरातेत, आणि आता हाही जाणार. एकाच छपराखाली, एकाच ताटातलं खाऊन दोघे दीड महिना एकमेकांशी थेट शब्द बोलले नव्हते.

जोडी शोधायला तीन आठवडे गेले. इंदूरला नाही. दिल्लीच्या काश्मिरी गेटला फोन केले. एका व्यापाऱ्याने “अगदी जोडी आहे” म्हणून पार्सल पाठवलं. मुलाने पिनियनवरचा नंबर पाहिला, क्राउनवरचा पाहिला आणि पार्सल परत बांधलं. दोन अनाथ गिअर एका पोत्यात घालून जोडी म्हणून विकायला काढले होते. शेवटी माझ्या मेहुण्यांना कोलकात्याच्या मल्लिक बाजारात, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या ढिगात, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेली एक न वापरलेली जोडी मिळाली. नंबर एक. त्यांनी दोन्ही नंबरांचे फोटो पाठवले तेव्हा मी स्वयंपाकघरातच देवाचे आभार मानले.

दरम्यान इंदूरचा एक जण आला होता. लग्नाच्या वराती आणि फोटोंसाठी त्याला जुन्या गाड्या हव्या असतात. बंद गाडीलाही तो बरी किंमत द्यायला तयार होता. आमच्या घरात दोन रात्री तीच चर्चा. नवऱ्याचं म्हणणं वावगं नव्हतं: मावशींसाठी रविवारी रिक्षा ठरवू, वर्षाचं भाडं या पैशांतून निघेल. पण थोरल्या मावशींना रिक्षाचे धक्के सहन होत नाहीत. त्या तीन आठवड्यांत त्या एकदाही उपासनेला आल्या नव्हत्या. मी गेले तेव्हा दारात खुर्ची टाकून, पांढरं लुगडं नेसून, गीतांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रविवार होता म्हणून. येणार कोणी नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी राखेचा बुधवार ५ मार्चला होता आणि रमजान त्याच्या तीन दिवस आधी सुरू झाला. म्हणजे आमचा उपवासकाळ आणि चाचांचे रोजे बरोबरच चालले होते. दिवसा उन्हात, पाण्याचा घोटही न घेता, जड काम त्यांना झेपत नव्हतं. म्हणून काम संध्याकाळी, इफ्तार झाल्यावर. मी खजूर घेऊन जायची आणि बाकावर बसायची. जायचं कारण साधं होतं: मी नसले की काम पुढे सरकत नसे. दोघांना एकमेकांशी बोलायचं नव्हतं आणि हे काम एकट्याचं नव्हे.

“बहनजी, याला सांगा शाफ्ट धरायला.”

“दीदी, अब्बांना सांगा, अजून आवळू नका, गेज लावायचाय.”

मी सांगायची. तीन फुटांवर उभ्या असलेल्या माणसाला, त्याने आधीच ऐकलेलं वाक्य.

बसवणं म्हणजे काय, तर दोन गोष्टी ठरवणं. पिनियन किती आत असावा आणि क्राउन त्याच्या किती जवळ असावा. दोन्ही ठरतं शिमने, म्हणजे कागदासारख्या पातळ पोलादी चकत्यांनी. एक काढा, एक घाला, सगळं पुन्हा बसवा, पुन्हा बघा. बघायचं कसं? चाचांनी शेंदूर तेलात कालवला आणि क्राउनच्या चार-पाच दातांना फासला. मग एकाने क्राउनला लाकडाने थोडा रोध द्यायचा, दुसऱ्याने पिनियन फिरवायचा, आधी पुढे, मग उलटा. जिथे दात दाताला खरोखर लागतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि पोलाद चमकतं. तो डाग दाताच्या मध्यावर हवा. वरच्या कडेला पडला तर पिनियन लांब आहे. मुळाशी पडला तर पिनियन फार आत घुसला आहे. दाताच्या बारीक टोकाला पडला तर क्राउन फार जवळ, जाड टोकाला पडला तर लांब.

पहिल्या संध्याकाळी डाग मुळाशी. चाचांनी जुन्याच शिम घातल्या होत्या. मुलगा म्हणाला, दीदी, सांगा, नव्या पिनियनचं माप वेगळं असतं, एक शिम कमी करा. चाचा म्हणाले, यांना सांगा, चाळीस वर्षं मी हेच करतोय. दुसऱ्या संध्याकाळी शिम कमी केली, डाग वर सरकला, पण टोकाकडे गेला. मग पिनियनच्या बेअरिंगवर ताण किती हवा याचा वाद. तो मोजायची चाचांची तऱ्हा पाहण्यासारखी होती: पिनियनच्या तोंडाला दोरी गुंडाळली, दोरीला भाजीवाल्याचा स्प्रिंगचा काटा अडकवला आणि हळू ओढत तो किती दाखवतो ते पाहिलं. मुलगा पहिल्यांदाच हसला. कारखान्यात त्यासाठी मोठं यंत्र आहे म्हणाला. पण आकडा बरोबर होता.

तिसऱ्या संध्याकाळी मुलाने डायल गेज लावलं. आता प्रश्न जागेचा होता. पिनियन हाताने घट्ट धरून क्राउन किंचित मागेपुढे हलवला की काटा हलतो. ती दातांमधली मोकळी जागा. दोन दशांश मिलिमीटरच्या आत, पण शून्य नव्हे. मी विचारलं, एवढी अचूक जोडी, एकमेकांसाठीच घासलेली, तर मग अगदी घट्ट का बसवत नाही? एरवी माझ्यामार्फत बोलणारे दोघे एकदम उत्तर द्यायला गेले आणि दोघेही थांबले. मग चाचा बोलले. घट्ट बसवले तर गाडी दहा कोस जाईल आणि जळेल. गरम झालं की लोखंड फुगतं. आणि तेल कुठे राहणार? तेलाला जागा लागते.

“आणि जागा जास्त झाली तर?”

“मग प्रत्येक वेळी गिअर टाकला की ठोका बसतो,” मुलगा म्हणाला. “ठोक्याठोक्याने दात तुटतो.”

त्या रात्री घरी आल्यावर मी इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय काढला. लग्नात, मंडळीच्या वार्षिक सभेत, ऐक्यावरच्या प्रत्येक उपदेशात तो इतक्या वेळा ऐकलाय की कान बोथट झाले होते. एक शरीर, एक आत्मा, एक प्रभू. आपण तिथे पोचायची घाई करतो. पौल मात्र त्याच्या आधी, दुसऱ्याच वचनात, एकमेकांना सहन करायला सांगतो. तो स्वतः बंदिवान आहे, ज्यांना लिहितो ते विश्वासणारे आहेत, एकाच प्रभूचे आहेत, आणि तरी त्याला हे सांगावं लागतं. घासणारच हे त्याने धरूनच चाललेलं दिसतं. पूर्वी मला ‘सहन करणे’ हा शब्द रडका वाटायचा, दात-ओठ खाऊन गप्प बसण्यासारखा. त्या रात्री मला तो एका मापासारखा वाटला. इतकंच अंतर, ज्यात तेल राहील. प्रेमाने सहन करा असं तो म्हणतो. नुसतं सहन करा असं नाही. कोरडी जागा आणि तेलाची जागा यांतला फरक मी परातीत पाहिला होता.

आमच्या मंडळीतही गेल्या दोन वर्षांत काय घडलं ते तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. दोन घरं शेजारी बसायची, आता एक वेगळी उपासना घेतं. त्यावर इथे जास्त लिहीत नाही. पण ऐक्य म्हणजे सगळ्यांनी अगदी चिकटून, एकाच मताने, एकाच चालीने चालणं असं आपण समजत आलो असू, तर आपल्याला घाटात एकही वळण घेता येणार नाही, असं मला वाटू लागलंय.

चौथ्या संध्याकाळी डाग मध्यावर आला. लिंबाच्या फोडीएवढा, स्वच्छ, दोन्ही बाजूंनी. मुलाने गेज वाचलं, ०.१५. वहीच्या दीड-दोन पानांएवढी जागा. चाचांनी गेजकडे पाहिलं नाही. त्यांनी क्राउन हातात धरून हलवला, डोळे मिटले, दातांचा टकटक आवाज ऐकला आणि म्हणाले, “हां.” मग माझ्याकडे न बघता, सरळ मुलाला: “देवासला कुठे राहणार आहेस? खोली बघितलीस का?”

मी खजुरांचा डबा तिथेच ठेवला आणि घरी निघाले.

खर्चाचा आकडा लिहीत नाही. वरातवाल्याने देऊ केलेल्या पैशांचा बराचसा भाग पोटात घालेल एवढा तो झाला, आणि अर्ध्या भाराची सोय तुमच्यापैकी ज्यांनी केली त्यांना ठाऊक आहे. मनापासून आभार. ३० मार्चला, ईदच्या आदल्या दिवशी, मी तिन्ही मावशींना घेऊन आले. थोरल्या मावशी राजगढ येईपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, गाडी आजारी आहे का, आज गात नाही. मी सांगितलं, बरी झाली म्हणून गात नाही. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी स्वतःच सुरुवात केली आणि सरदारपुरपर्यंत आम्ही चौघी गात आलो.

नवी जोडी पहिले काही शे किलोमीटर जपून चालवायची असते. फार वेग नाही, जास्त भार नाही, दर थोड्या अंतराने थांबून थंड होऊ द्यायची. दात एकमेकांवर अजून बसायचे असतात. म्हणून झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, ईस्टर, सगळीकडे आम्ही चाळीसच्या वेगाने गेलो. मोहनखेड्याच्या यात्रेकरूंच्या बसगाड्या मागून हॉर्न वाजवत पुढे जायच्या. जाऊ दिल्या.

पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलायचं होतं. मे महिन्याच्या शेवटी गेले तेव्हा मुलगा देवासहून सुटीवर आला होता, कारखान्याचा निळा शर्ट घालूनच दुकानात बसला होता. तेल परातीत सोडलं. नटाच्या चुंबकाला राखाडी मळीचा पातळ थर होता, तुकडा एकही नाही. चाचांनी ती मळी बोटावर घेऊन मुलापुढे धरली. मुलाने वास घेतला, बोटांत चोळली, म्हणाला, “बैठ गई, अब्बा.” नवं ९० नंबरचं तेल भरून झाल्यावर नट आवळायला चाचांनी पाना त्याच्याकडे दिला.

येत्या रविवारी राजगढच्या बाजूने कुणाला यायचं असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा. मागच्या सीटवर एकाची सोय आहे.